एकाच गाठीची दोन मापं

माझा नवरा आणि मी कामाच्या वेळी एकमेकांकडे पाठ करून बसतो. पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला वाटतं, या डॉक्टर जोडप्याचं आज काहीतरी बिनसलंय. कधी कधी ते खरंही असतं, पण टेबलं तशी मांडली आहेत ती वेगळ्या कारणासाठी. मी काढलेली रेघ त्याला दिसता कामा नये आणि त्याची मला.

आम्ही दोघंही रेडिओलॉजिस्ट. अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटंसं स्कॅन सेंटर आहे. खाली एमआरआयचं मशीन, वर आमची खोली आणि खोलीच्या खिडकीतून दिसणारी शेजाऱ्यांची सुपारीची वाडी. गुडघे, मणके, डोकी असं सगळं आमच्याकडे येतं. पण माझा जीव ज्या कामात रमतो ते लग्नकार्यात कुणाला सांगितलं, की लोक ताट उचलून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसतात. मी गुदाशयातल्या गाठी मोजते. गुदाशय म्हणजे आतड्याचा अगदी शेवटचा भाग. तिथे कॅन्सरची गाठ झाली की तिचं घनफळ किती, म्हणजे ती एकूण किती जागा खाऊन बसली आहे, ते चित्रांवरून काढायचं. आता यात रमण्यासारखं काय आहे असं कुणी विचारलं की मला राग येतो. माणसं शब्दकोडी सोडवतात, स्वेटर विणतात, त्यांना कुणी विचारत नाही.

काम ऐकायला सोपं आहे. एमआरआय सुरी न लावता शरीराचे पातळ काप दाखवतो. प्रत्येक कापावर गाठीच्या कडेकडेनं माऊसनं रेघ ओढायची. रेघेच्या आतली जागा कॉम्प्युटर मोजतो, कापाच्या जाडीनं गुणतो आणि सगळ्या कापांची बेरीज करून देतो. बेरीज कधी चुकत नाही. चुकते ती आमची रेघ. गाठ नेमकी कुठे संपली आणि तिच्यामुळे सुजलेलं चांगलं मांस कुठे सुरू झालं, हे ठरवताना भल्याभल्यांची पंचाईत होते. ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहून ओली वाळू कुठे संपते ते बोटानं दाखवायला सांगितलं तर कशी होईल, तशीच.

पूर्वी बरेच जण नुसती लांबी मोजून मोकळे व्हायचे. मलाही शिकताना तसंच शिकवलं होतं. पण औषधांनी गाठ उतरायला लागली की लांबी अनेकदा तेवढीच दिसते आणि आतला गर मात्र जातो. वलांडीच्या आडव्या बांबूंवर सुकत घातलेला बोंबील लांबीला फारसा कमी होत नाही, पण हातात घेतला की कळतं, यातलं किती गेलंय ते. तेव्हा गाठ खरंच उतरली का हे बघायचं तर घनफळच काढायला हवं, आणि ते असं काढायला हवं की आज मी काढलं, उद्या त्यानं काढलं, पुढच्या महिन्यात पुन्हा मी काढलं, तरी उत्तर जवळपास तेच यावं.

तसं ते येत नसे. माझं माप नेहमी मोठं आणि नवऱ्याचं नेहमी लहान. मी म्हणायचे, तू कंजूष आहेस, गाठीची कड कातरतोस. तो म्हणायचा, तू उधळी आहेस, शेजारचं चांगलं मांसही गाठीत घालतेस. तो घाटावरचा, माझं माहेर हरिहरेश्वरजवळचं, त्यामुळे हे भांडण लगेच दोन्ही घरांच्या खानदानापर्यंत जायचं. शेवटी एका रविवारी मी ठरवलं की याचा सोक्षमोक्ष लावायचा.

मी बाजारातून एक वेडंवाकडं, गाठागाठांचं कोनफळ आणलं. घरी मोठ्या डब्यात चायनाग्रासची जेली लावली आणि त्यात ते कोनफळ बुडवून ठेवलं. जेली घट्ट झाल्यावर डबा सेंटरवर नेऊन मशीनमध्ये घातला. त्या दिवशी पेशंट नव्हते, म्हणून आमच्या मशीनवर माझ्या कोनफळाचा रीतसर स्कॅन झाला. मग आम्ही पाठीला पाठ लावून त्याच्या एकेका कापावर रेघा ओढल्या आणि आपापलं उत्तर काढलं. खरं उत्तर काढणं सोपं होतं. कोनफळ जेलीतून काढून धुतलं, काठोकाठ भरलेल्या मापाच्या भांड्यात सोडलं आणि बाहेर सांडलेलं पाणी मोजलं.

माझं माप खऱ्यापेक्षा जास्त होतं आणि त्याचं कमी. खरं माप दोघांच्या मध्ये कुठेतरी होतं. मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला कळेना, मी हरल्यावर टाळ्या का वाजवते आहे. पण मला कळलं होतं की आम्ही दोघं चुकतो ते रोज एकाच दिशेनं चुकतो, आणि माणूस कसा चुकतो ते ठाऊक झालं की त्याच्याबरोबर काम करता येतं. कोनफळाची आम्ही संध्याकाळी भजी केली. चायनाग्रासची चव लागत होती, पण संपली.

त्या दिवसापासून आमचा नियम झाला. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, मोजून होईपर्यंत पेशंटबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, आणि मग एकदम उत्तरं सांगायची. फरक थोडा असला तर सरासरी काढायची. फरक मोठा असला तर सरासरी काढायची नाही. तेव्हा दोघांनी एका पडद्यासमोर बसायचं आणि फरक कुठून आला ते सापडल्याशिवाय उठायचं नाही. हा दुसरा भाग माझा. नवरा म्हणाला होता, इतकं कोण करतं. मी म्हटलं, आपण.

या नियमाचा खरा कस लागला तो एका कोळणीच्या वेळी. ती साठीच्या घरातली, मुरूडच्या बाजारात मच्छी विकणारी. घर आगरदांड्याच्या बाजूला, मुलाची होडी, सून घरचं बघणारी. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाय. पहिल्यांदा आली तेव्हाच तिनं आमच्या खोलीतल्या खुर्चीचा पाय डगडगतो ते शोधून काढलं, खाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला आणि मग बसली. मला ती तिथल्या तिथे आवडली.

तिची गाठ फार खाली होती, गुदद्वाराच्या अगदी जवळ, आणि पुढच्या बाजूच्या भिंतीवर. नवी मुंबईतल्या सर्जननी तिला आणि सुनेला नीट समजावून सांगितलं होतं, आणि तिनं ते मला तिच्या भाषेत परत सांगितलं. आधी शेक, म्हणजे रेडिएशन, आणि बरोबर किमोच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबायचं. मग पुन्हा एमआरआय. गाठ उरली असली तर ऑपरेशन करून सगळं काढायचं, शौच धरून ठेवणारा स्नायूही जाणार, आणि जन्मभर पोटाला पिशवी लावावी लागणार. गाठ पूर्ण विरघळली असली, सर्जनना दुर्बिणीतूनही काही दिसलं नाही, तर सुरी लावायची नाही. फक्त ठरावीक काळानं तपासत राहायचं.

"बाय, मना मरनाचं भ्या न्हाय," ती म्हणाली. "पन पिशवी लावून मी टोपलीम्होरं बसू कशी? मच्छीचा वास येतो तो माजा धंदा हाय. दुसरा वास आला तर गिऱ्हाईक उठंल."

सून कानकोंडी झाली. मी मावशींना सांगितलं की आता पिशव्या चांगल्या मिळतात, वास येत नाही, कितीतरी माणसं पिशवी लावून कामं करतात. हे सगळं खरं आहे आणि मी ते मनापासून सांगते. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "व्हय, पन बसू कशी?"

शेक सुरू व्हायच्या आधीचं माप आम्ही काढलं तेव्हा आमची उत्तरं इतकी जवळ आली की नवऱ्यानं खुर्चीतून उठून वाकून नमस्कार केला. मोठी, ठसठशीत गाठ होती, कड स्वच्छ दिसत होती. मोठी गाठ मोजणं सोपं असतं, यात आमचं कौतुक फारसं नाही. कसरत पुढे असते. शेक घेतल्यावर तिथे निबर व्रण उरतो, आणि जिवंत गाठीचा एखादा कण त्या व्रणात दडला आहे की नुसताच व्रण आहे हे बघता बघता डोळे दुखून येतात.

त्यासाठी आम्ही दोन तऱ्हेची चित्रं घेतो. एका तऱ्हेत शरीराची रचना बारकाव्यानं दिसते आणि व्रण काळा दिसतो. दुसऱ्या तऱ्हेत रचना पुसट दिसते, पण गाठीच्या पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असल्या की तेवढाच भाग दिव्यासारखा उजळतो. माझा भरवसा पहिल्या तऱ्हेवर, नवऱ्याचा दुसरीवर. खरं तर दोन्ही शेजारी ठेवून बघायची असतात, आणि आम्ही बघतोही. पण शेवटी माणूस आपल्या आवडत्या बाजूला झुकतोच.

मावशी दुसऱ्या स्कॅनला आली तेव्हा थंडी पडली होती. शेक आणि गोळ्यांनी ती वाळली होती, पण तोंड तेच. हातात फडक्यात गुंडाळलेलं मडकं होतं. फडकं सोडायच्या आधीच जिन्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सुटला आणि नवरा खुर्चीतून उठला. पोपटी होती. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की संध्याकाळी शेतावर जाळ करतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, अंडी, कुणी कोंबडीही घालतात, आणि मडकं जाळात ठेवून भाजतात. आदल्या संध्याकाळी सुनेच्या माहेरी पोपटी लागली होती आणि मावशींनी आमच्यासाठी वेगळं मडकं लावून घेतलं होतं.

मी तिला रागावले. एवढ्या अशक्तपणात मडकं घेऊन एसटीनं यायचं काय नडलं होतं? ती म्हणाली, "रागव, पन ताजी हाय तवर खा." मी मडकं आत नेऊन ठेवलं आणि तिला खाली मशीनकडे पाठवलं.

स्कॅन झाला. आम्ही पाठीला पाठ लावून बसलो. मी माझ्या लाडक्या चित्रांवरून गेले. जिथे गाठ होती तिथे काळा पट्टा दिसत होता. मला तो जरा जाडच वाटला, पण सगळा व्रणच वाटला. मी बारीकशी रेघ ओढली, उगाच एखादा कण राहिला असेल म्हणून, आणि माझं माप जवळजवळ काहीच आलं नाही. मनातल्या मनात मी मावशींना बाजारात बसवूनही टाकलं. मग आम्ही उत्तरं सांगितली.

नवऱ्याचं माप माझ्या कितीतरी पट होतं. आमच्या घरातल्या कंजुषानं एवढी मोठी गाठ काढलेली मी कधी बघितली नव्हती.

मी त्याच्या पडद्याकडे गेले. दुसऱ्या तऱ्हेच्या चित्रात, पुढच्या भिंतीवर, बरोबर जुन्या गाठीच्या जागी, एक ढळढळीत पांढरा ठिपका होता. त्यानं तो सगळा रेघेत घेतला होता. "याला तू काय म्हणशील?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आवाज." आमच्या भाषेत चित्रातल्या निरर्थक गडबडीला आवाज म्हणतात. तो म्हणाला, "एवढा मोठा?" मी म्हटलं, माझ्या चित्रात तिथे गाठ नाही. तो म्हणाला, तुझ्या चित्रात तो पट्टा व्रणासाठी जास्तच जाड आहे, हे तुलाही दिसतंय. ते मला दिसत होतं, म्हणूनच मी चिडले.

बाहेरच्या बाकावर मावशी आणि सून बसल्या होत्या. सर्जनचा फोन येऊन गेला होता, रिपोर्ट कधी देताय म्हणून. त्या पांढऱ्या ठिपक्याला गाठ म्हटलं असतं तर ऑपरेशन आणि पिशवी. गाठ नाही म्हटलं असतं आणि ती खरी असती तर ती आत वाढत राहिली असती. दोघांच्या मापांची सरासरी काढून रिपोर्ट पाठवता आला असता, आणि ती सरासरी दिसायला अगदी शहाणी दिसली असती. पण तिनंही मावशींना ऑपरेशनच्या टेबलावरच नेलं असतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी भांडते, हे नवऱ्याला माहीत आहे. तो म्हणाला, "आधी जेवू. उपाशीपोटी तू माझं ऐकणार नाहीस."

आम्ही मडकं उघडलं. भांबुर्ड्याचा पाला बाजूला केला आणि शेंगा सोलत सोलत भांडायला लागलो. शेंगा इतक्या गोड भरल्या होत्या की मधे मधे भांडण थांबवावं लागत होतं. मी म्हणत होते, तुझी चित्रं दर वेळी खोटं बोलतात. तो म्हणत होता, तुझी चित्रं खरं बोलतात पण अर्धंच बोलतात. तो तावातावानं पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात त्याच्या पोटातून एक लांबलचक, गडगडता आवाज आला.

वाल त्याला सोसत नाहीत. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी घाटावरच्या या पोटाची कोकणाशी दिलजमाई झालेली नाही. दर थंडीत तो पोपटीवर तुटून पडतो आणि दर थंडीत संध्याकाळभर ओवा चघळत अंगणात फेऱ्या मारतो. मी हसायला लागले. मग एकदम थांबले. त्यानंही सोललेली शेंग हातातच धरली. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि हात न धुता पडद्याकडे धावलो.

गुदाशयात वारा साठला की एमआरआयची भंबेरी उडते, हे आम्ही दोघांनी शिकताना पाठ केलं आहे आणि दुसऱ्यांना शिकवलंही आहे. माणूस मशीनमध्ये उताणा झोपतो, वारा वर चढतो, म्हणजे पुढच्या भिंतीला जाऊन लागतो. मावशींची गाठ पुढच्याच भिंतीवर होती. वारा आणि मांस एकमेकांना भिडतात तिथे नवऱ्याच्या लाडक्या चित्रात खोटा उजेड पडतो. आणि माझ्या लाडक्या चित्रात वारा काळा दिसतो, व्रणाच्या काळ्याला लागून बसला तर दोन्ही मिळून एकच जाड पट्टा वाटतो. नीट बघितल्यावर माझ्या काळ्या पट्ट्यात एक बारीक, गुळगुळीत सीमा सापडली. अर्धा पट्टा व्रण होता, अर्धा वारा. त्याचा ठिपका बरोबर त्या वाऱ्याला चिकटून होता.

मी बाहेर येऊन मावशींना विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

"पोपटी," ती म्हणाली. "तुमाला आनली तीच."

"आम्ही सांगितलं होतं ना, आदल्या दिवशी हलकं जेवायचं."

"मग? हलकंच खाल्लं." तिला माझा प्रश्नच कळेना. "कोंबडी सगली सुनेला दिली. अंडी न्हाय खाल्ली. नुस्त्या शेंगा खाल्ल्या, पोट भरून. मंग?"

मी भिंतीला टेकले. मासळी-कोंबडीवर वाढलेल्या माणसाला हलकं खा म्हटलं तर तो मासळी-कोंबडी सोडणार, यात तिचं काय चुकलं? माझ्या माहेरीही संकष्टीला हलकं म्हणून साबुदाण्याची खिचडी ओरपतात. आमच्या सूचनांच्या कागदावर वालाचं नाव कुणी घालायला हवं होतं, तर ते मीच. मी इथली, मला माहीत असायला हवं होतं. पण त्या क्षणी मला वाईट वाटण्यापेक्षा हसूच जास्त येत होतं. मी आत गेले तर नवरा सगळं ऐकून पोट धरून हसत होता, आणि ते पोट अजून गडगडत होतं. आम्ही डोळे पुसून बाहेर आलो तर सून घाबरून उभी. तिला वाटलं, डॉक्टर रडतायत म्हणजे काही खरं नाही. तिला समजावता समजावता माझी तारांबळ उडाली.

मी सर्जनना फोन करून सांगितलं की आजच्या चित्रांवर माप देणार नाही, पुन्हा स्कॅन करणार, आणि आमच्या खर्चानं करणार. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "मडक्यात काही शिल्लक आहे का?"

पुन्हा स्कॅन ठरला त्याच्या आदल्या दिवशी मावशींनी फक्त पेज खाल्ली. पेज म्हणजे पेजच, तिच्यात काय काय घालायचं नाही तेही मी सुनेला फोनवर सांगितलं होतं. सकाळी एक लहानसा एनिमा देऊन आतड्याचा शेवटचा भाग रिकामा केला, आतड्याची हालचाल शांत राहावी म्हणून इंजेक्शन दिलं. मशीन चालू झाल्यावर मी वर आले आणि नवऱ्याकडे पाठ करून बसले. मी देवाला मानते की नाही हे मला नक्की माहीत नाही, पण त्या दिवशी मी हरिहरेश्वराला मनातल्या मनात दोन-चार गोष्टी कबूल केल्या.

चित्रं आली. काळा पट्टा बारीक झाला होता. मी तो प्रत्येक कापावर तपासला, मग पुन्हा उलट बाजूनं तपासला. एका ठिकाणी मी अडखळले, चित्र मोठं करून बघितलं, तर तिथे जवळजवळ काही नव्हतं. माझ्या मागे नवऱ्याच्या माऊसचा आवाज येत नव्हता. मग तो म्हणाला, "झालं माझं." मीही म्हटलं, झालं.

आम्ही उत्तरं सांगितली. त्यानं त्याच्या चित्रांत एकही रेघ ओढली नव्हती, कारण ओढायला उजेडच नव्हता. मी माझ्या चित्रांत एक इवलीशी रेघ ओढली होती, शंका म्हणून, आणि ती त्याला दाखवली तेव्हा त्यानं फक्त "उधळी" म्हटलं. मी ती रेघ पुसली नाही. रिपोर्टात मी लिहिलं की व्रण आहे, गाठ दिसत नाही, आणि एवढ्या जागेबद्दल अल्पशी शंका आहे, ती दुर्बिणीनं बघावी. नवऱ्यानं खाली सही केली. मग आम्ही काही कारण नसताना शेजारच्या वाडीतून एक फेरी मारून आलो.

सर्जननी दुर्बिणीनं बघितलं, बोटानं तपासलं. त्यांना पांढरट, मऊ व्रण सापडला, दुसरं काही नाही. त्यांनी मावशींना सांगितलं की आता ऑपरेशन नाही, पिशवी नाही. मात्र ठरावीक काळानं तपासायला यायचं, एकदाही चुकवायचं नाही, आणि पुन्हा काही दिसलं तर तेव्हाचं तेव्हा बघू.

नवी मुंबईहून परतताना ती आणि सून आमच्या फाटकाशी एसटीतून उतरल्या. मी वरून बघितलं आणि जिना उतरून खाली गेले, नवराही आला. सुनेनं हसत हसत बातमी सांगितली. आम्हाला ती फोनवर आधीच कळली होती, तरी मी पहिल्यांदाच ऐकते आहे तशी ऐकली. मावशी जिना चढून आमच्या खोलीत आली, त्याच खुर्चीत बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "डाक्तर, जरा तोंड फिरवा." त्यानं लगेच पाठ केली. ती सवय त्याला आहेच.

तिनं लुगड्याच्या पदराआड हात घातला, कमरेला बांधलेलं फडकं सोडलं आणि एक पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. ऑपरेशननंतर पोटाला लावतात तसलीच पिशवी होती. ती पाण्यानं भरलेली होती आणि तोंड दोऱ्यानं करकचून बांधलेलं होतं. सून बघतच राहिली. तिलाही माहीत नव्हतं.

"हास्पिटलातल्या सिस्टरनी दिलती, बघायला," मावशी म्हणाली. "शेक चालू झाला तवापासून बांधतंय मी. तुमच्या मशीनीत जाताना तेवढी काढायची. बाजारात बसताना बांधायची, टोपली उचलताना बांधायची. आत पानी भरलं, वजन कलावं म्हून."

इतके महिने ती मला विचारत होती, बसू कशी, आणि मी तिला दर वेळी धीर देत होते. आणि ती रोज बाजारात जाऊन, गिऱ्हाइकांशी घासाघीस करत, पोटाशी ते ओझं घेऊन बसून बघत होती. नवऱ्याची पाठ अजून आमच्याकडे होती, पण त्याचा हात डोळ्यांकडे गेलेला मला दिसला.

मावशींनी पिशवीचा दोरा सोडला, खिडकीतून पाणी खाली ओतून दिलं, पिशवी झटकली आणि माझ्या हातात दिली.

"दुसरं कुनी येल, त्याला द्या," ती म्हणाली. "आनि सांगा, बसता येतं."

मग सुनेला म्हणाली, चल, आगरदांड्याची गाडी जाईल.